अणूंची बेटं आणि माझा जुना बग

गेल्या शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करायला घेतली. कॉलेजचे फोटो, मित्रांची लग्नं, अर्धवट डाउनलोड झालेले सिनेमे आणि या सगळ्याच्या तळाशी बी.ई.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं फोल्डर. नाव 'फायनल', त्याच्या आत 'फायनल नवीन', त्याच्या आत 'हेच फायनल'. (आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.)

प्रोजेक्ट काय होता, तर धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर वाफेतून अणू येऊन पडायला लागले की पहिल्या काही क्षणांत काय होतं याचं सिम्युलेशन. चारशे गुणिले चारशे चौकटींचा पट. अणू कुठेतरी पडतो, इकडेतिकडे उड्या मारत भटकतो, दुसरा अणू भेटला की त्याला चिकटतो आणि एक 'बेट' तयार होतं. किती बेटं झाली ते मोजायचं, ग्राफ काढायचा. ग्राफ पुस्तकातल्या उत्तराशी अगदी झकास जुळला होता. तोंडी परीक्षा झाली, मार्क मिळाले, विषय संपला.

परवा तो प्रोग्रॅम पुन्हा चालवला. या वेळी नुसता आकडा न छापता पट स्क्रीनवर रंगवून पाहिला. बघतो तर काय, सगळी बेटं वरच्या पाचव्या हिश्श्यात दाटीवाटीने बसलेली आणि खाली शुकशुकाट!

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. विंडोजवरच्या त्या सी कंपायलरचं रँडम आकडा देणारं फंक्शन ३२,७६७ च्या वर जात नाही. माझ्या चौकटी होत्या १,६०,०००. म्हणजे माझ्या अणूंचा पाऊस कायम वरच्या ८२ ओळींतच पडत होता. कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच. बग सापडल्याचं काही वाटलं नाही, बग रोजच सापडतात. डोकं खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. इतका ढळढळीत चुकीचा प्रोग्रॅम बरोबर उत्तर कसं देत होता? त्या प्रश्नापायी शनिवार-रविवार दोन्ही गेले आणि या विषयाचा सगळा इतिहास वाचून झाला. तोच आज सांगतो.

सुरुवात धातूच्या थरांपासून होत नाही, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका पोलिश माणसापासून होते. मारियान स्मोलुखोव्स्की. ब्राउनियन गतीच्या बाबतीत आइन्स्टाइनच्या बरोबरीने ज्याचं नाव घ्यायला हवं आणि आपण घेत नाही, तोच हा. गटिंगनमध्ये झिग्माँडी नावाचे रसायनशास्त्रज्ञ पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करत होते. मीठ टाकलं की हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्या किती वेगाने होतात, हा त्यांचा प्रश्न. स्मोलुखोव्स्कीने १९१६-१७ मध्ये त्याचं गणित मांडलं. एक-एक कण किती, दोन-दोनच्या जोड्या किती, तीन-तीनचे घोळके किती, प्रत्येकासाठी एक समीकरण. दोनचा घोळका एकाला भेटला की दोनच्या खात्यातून एक वजा, तीनच्या खात्यात एक जमा. हिशेबाची वही, बाकी काही नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये आमांशाने तो गेला, ४५ व्या वर्षी. त्याच्या या वहीत पुढे काय काय लिहिलं जाणार होतं याची त्याला कल्पना असणं शक्यच नव्हतं.

दरम्यान थरांचं काम करणारे लोक वेगळ्या वाटेने चालले होते. फोल्मर आणि वेबर यांनी १९२६ मध्ये वाफेतून थेंब कसा जन्मतो याचा सिद्धान्त मांडला. थेंब लहान असतो तेव्हा त्याला पृष्ठताणाचा भुर्दंड जास्त पडतो आणि तो बाष्प होऊन नाहीसा होतो. एका ठराविक आकाराच्या पुढे गेला की मात्र वाढतच जातो. हा 'क्रांतिक' आकार. पुढे १९५८ मध्ये अर्न्स्ट बाउअरने थर वाढण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: सुरुवातीपासून ढीग, सुरुवातीपासून सपाट थर, किंवा आधी एकदोन सपाट थर आणि मग ढीग. त्यांना आजही त्या त्या जोडगोळ्यांच्या नावाने ओळखतात. पहिलीला फोल्मर-वेबर, दुसरीला फ्रँक-फान डर मेर्वे, तिसरीला स्ट्रान्स्की-क्रास्तानोव. नावं पाठ करताना घाम फुटायचा, पण वर्गीकरण सुटसुटीत आहे.

थेंबाच्या सिद्धान्ताची मेख पुढे कळली. पन्नाशी-साठीच्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी आले. केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन हॉलमधल्या प्रयोगशाळेत पॅशली आणि मंडळींनी १९६४ मध्ये मायक्रोस्कोपच्या आतच सोनं-चांदी उडवून बेटं वाढताना पाहिली. दोन बेटं एकमेकांना टेकली की पाण्याच्या थेंबांसारखी एकजीव होत, असं त्यांना दिसलं. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, डोनाल्ड वॉल्टनने दाखवलं की अशा पृष्ठभागांवरचा क्रांतिक आकार म्हणजे फार तर एक, दोन, तीन अणू. आता सांगा, दोन अणूंचा पृष्ठताण म्हणजे काय? दोन माणसांची सरासरी जशी काढता येते पण तिला जनमत म्हणता येत नाही, तसंच हे. थेंबाचं रूपक इथे संपतं. तिथे पुन्हा स्मोलुखोव्स्कीची वही बाहेर काढावी लागली.

झिन्समाइस्टरने १९६६ च्या सुमारास आणि ससेक्स विद्यापीठातल्या जॉन व्हेनेबल्सने १९७३ मध्ये ती वही थरांसाठी नीट लावून दिली. दोन खाती. एक भटक्या अणूंचं, दुसरं बेटांचं. वरून अणूंचा मारा होतो तो जमा. दोन भटके भेटले की नवं बेट, भटका बेटाला चिकटला की भटक्यांतून वजा. यातून एक साधा नियम पडतो. चिकटलेली जोडी सुटतच नसेल, तर बेटांची संख्या ही 'माऱ्याचा वेग भागिले भटकण्याचा वेग' या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे अणू आठपट जोरात ओता, बेटं दुप्पटच होतील. का? कारण बेटं जितकी जास्त, तितकं भटक्या अणूला एखादं बेट लवकर सापडतं आणि दुसऱ्या भटक्याला भेटून नवं बेट काढायची संधी कमी होते. रिकाम्या मैदानात पहिले येणारे वाटेल तिथे तंबू ठोकतात, नंतरचे कुणाच्या तरी तंबूत शिरतात.

याचा उपयोग असा की उलट जाता येतं. बेटं मोजा आणि न दिसणाऱ्या अणूच्या उडीचा वेग काढा. यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण प्लॅटिनमचं. प्लॅटिनमच्या एका सपाट पृष्ठावर प्लॅटिनमचा अणू उडी मारतो तेव्हा त्याला ऊर्जेची केवढी टेकडी चढावी लागते? जर्मनीतल्या युलिख इथल्या गटाने १९९६ मध्ये बेटं मोजून उत्तर काढलं, ०.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. अगदी निराळ्या पद्धतीने, एकच अणू ठेवून त्याच्या उड्या प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना १९९४ मध्ये मिळालं होतं ०.२५. हा आकडा किती संवेदनशील आहे ते बघा. त्यावरून ढोबळ हिशेब केला तर खोलीच्या तापमानाला हा अणू सेकंदाला वीस कोटी उड्या मारतो, १५० केल्व्हिनला नऊ हजारांच्या आसपास, आणि १०० केल्व्हिनला अडीच सेकंदांत एक. म्हणून तर गारठवलं की त्याला बघता येतं.

'एकच अणू बघणे' हा प्रकार सहज लिहून गेलो, पण थांबायला हवं. अणू पहिल्यांदा दिसला तो ११ ऑक्टोबर १९५५ ला, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात. अर्विन म्युलरने बनवलेल्या फील्ड आयन मायक्रोस्कोपमध्ये, टंगस्टनच्या सुईच्या टोकावर. आणि त्या वेळी म्युलरबरोबर होता त्याचा पीएच.डी.चा भारतीय विद्यार्थी, कंवर बहादुर. सुई द्रवरूप नायट्रोजनने थंड केली आणि पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटली. प्रत्येक ठिपका म्हणजे एक अणू. शाळेच्या कुठल्याही पुस्तकात हे नाव मला भेटलेलं नाही.

याच यंत्राने गर्ट एर्लिख आणि हुड्डा यांनी १९६६ मध्ये एक विचित्र गोष्ट टिपली. भटकणारा अणू पायरीच्या कडेपाशी आला की खाली उतरायला कां-कूं करतो, मागे वळतो. कडेवर क्षणभर त्याचे शेजारी कमी होतात, म्हणून तिथे जास्तीची टेकडी असते. त्याच वर्षी श्वेबेल आणि शिप्सी यांनी याचा परिणाम दाखवला. बेटाच्या डोक्यावर पडलेले अणू खाली उतरत नसतील तर ते वरच नवं बेट काढणार, त्यावर आणखी एक, आणि सपाट थराऐवजी डोंगर उभे राहणार. चिपच्या कारखान्यात ज्याला थर सपाट हवाय त्याच्या कपाळाला आठ्या पाडणारी ही गोष्ट.

आता आपल्या प्रांतात येऊ. समीकरणं सरासरी सांगतात, पण बेट कसं दिसतं ते सांगत नाहीत. त्यासाठी अणू एकेक करून हलवायला हवा, म्हणजे मॉन्टे कार्लो. भोळसट पद्धत अशी: एक अणू निवडा, उडी मारेल का ते फासे टाकून ठरवा, बहुतेक वेळा उत्तर 'नाही'. बेटात चार शेजाऱ्यांत अडकलेला अणू कोट्यवधी वेळा विचारलं तरी हलत नाही आणि कॉम्प्युटर नकार ऐकण्यातच दिवस घालवतो. १९७५ मध्ये बॉर्ट्झ, कॅलोस आणि लेबोविट्झ यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही सुंदर वाटतो. सगळ्या शक्य उड्यांची त्यांच्या वेगानुसार गटवारी करा. आधी गट निवडा, मग गटातली एक उडी, आणि ती करूनच टाका. नकार नाहीच. मात्र घड्याळ दर वेळी सारखं पुढे न्यायचं नाही. सगळ्या वेगांची बेरीज जितकी मोठी तितकं पाऊल छोटं, तेही रँडम. काही घडत नसेल तर घड्याळ खुशाल तासभर उडी मारतं. इव्हेंट क्यू लिहिणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. त्यांनी हे चुंबकाच्या मॉडेलसाठी लिहिलं होतं, थरांसाठी नाही.

थरांसाठी हे करणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचंही आहे. घैसास आणि मधुकर यांचा १९८६ चा, मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सीच्या मॉन्टे कार्लोवरचा शोधनिबंध फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आहे. यातले सु. वि. घैसास म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक सायन्स विभागाच्या पत्त्यावरून लिहिणारे. आमच्या प्रोजेक्टच्या संदर्भांत ते नाव होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा मी तो निबंध उघडूनही पाहिला नव्हता.

मग आला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप. बिनिग आणि रोररने १९८१ मध्ये झुरिकच्या आयबीएममध्ये बनवला, १९८६ मध्ये नोबेल मिळालं. नव्वदीत लोकांनी त्याने बेटं पाहायचा सपाटा लावला. १९९१ मध्ये रुथेनियमवर सोन्याची फांद्याफांद्यांची बेटं दिसली, विटन आणि सँडरने १९८१ मध्ये कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांची भावंडंच. आणि आता समीकरणांची गोची झाली. बेटांची एकूण संख्या समीकरणं बरोबर सांगत. पण लहान किती, मोठी किती हे विचारलं की साफ चूक. स्ट्रोशिओ आणि पिअर्स यांनी १९९४ मध्ये लोखंडावर लोखंडाची बेटं मोजली तेव्हा आलेख होता रुंद, गोलसर टेकाडासारखा. प्रत्येक बेट सारख्याच ताकदीने अणू खेचतं असं धरलेली समीकरणं मात्र टोकदार, उंच शिखर देत.

चूक 'सारख्याच' या शब्दात होती. १९९६ मध्ये दोन ठिकाणी हे उलगडलं: एकीकडे इंग्लंडमध्ये मल्हेरन आणि ब्लॅकमन, दुसरीकडे अमेरिकेत बार्टेल्ट आणि एव्हान्स. प्रत्येक बेटाभोवती एक पाणलोट क्षेत्र असतं. त्यात पडलेला अणू बहुधा त्याच बेटाकडे जातो. महाबळेश्वरच्या माथ्यावर एक थेंब हातभर इकडे पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागरात आणि तिकडे पडला तर सावित्रीतून अरबी समुद्रात, तसं. ज्या बेटाचा जन्म ऐसपैस जागेत झाला ते मोठं होणार आणि गर्दीत जन्मलेलं खुरटणार. दोन बेटं आज एकाच आकाराची असली तरी त्यांची उद्याची कमाई सारखी नसते. स्मोलुखोव्स्कीच्या वहीत फक्त आकारांची खाती होती, शेजाराचं खातं नव्हतं. पातेल्यात ढवळल्या जाणाऱ्या कणांना शेजार नसतोच, म्हणून त्याचं तिथे चाललं. पृष्ठावरची बेटं मात्र जिथे जन्मली तिथेच राहतात.

इथे माझ्या बगचं उत्तर मिळालं. वरच्या पट्टीत पाऊस पाचपट जोराचा होता इतकंच. पण घनमुळाचा नियम कुठल्याही जोराला लागू आहे. मी मारा कमी-जास्त करून फक्त आलेखाचा उतार तपासत होतो, आणि उताराला पट्टीशी काही देणंघेणं नाही. संख्या चुकलेली होती, ती मी पुस्तकाशी ताडून पाहिलीच नव्हती. बेटांचे आकारही नाही.

आणि आता युलिखच्या त्याच गटाची ती दुसरी गोष्ट, जिच्यामुळे रविवारी रात्री झोप लांबली. १९९३ मध्ये मिखेली, होहागे, बॉट आणि कोम्सा यांनी प्लॅटिनमवरच्या प्लॅटिनमची बेटं दाखवली. ४०० केल्व्हिनला त्रिकोणी, ६४० केल्व्हिनलाही त्रिकोणी, पण उलट्या दिशेला टोक असलेली, आणि मधल्या तापमानाला षट्कोनी. चित्रं अप्रतिम होती आणि कोडंही. बेटाच्या दोन प्रकारच्या कडा असतात. कुठली कडा वेगाने वाढते हे तापमानाबरोबर उलटतं कसं? सिद्धान्तवाले तुटून पडले. कडेवरून सरकण्याच्या, कोपऱ्यावरून वळण्याच्या टेकड्या मोजल्या गेल्या, सिम्युलेशनमधून त्रिकोण उलटे करून दाखवले गेले.

१९९८ मध्ये काल्फ, कोम्सा आणि मिखेली यांचा निबंध आला. (नावं पुन्हा वाचा, दोघं तेच आहेत.) त्यांनी दाखवलं की प्लॅटिनमची ही वाढ कार्बन मोनॉक्साइडच्या अत्यल्प अंशाने पार बदलून जाते. बेटांचा आकार, दिशा, संख्या, थर सपाट वाढणार की ढीग होणार, सगळंच. चांगला निर्वात चेंबर म्हणजे दहाचा उणे दहावा घात मिलिबार, वातावरणाच्या दाबाच्या दहा लाख कोटीव्या हिश्श्याइतका. तेवढ्या निर्वातातही जो वायू उरतो, तो बेटांच्या कडांना जाऊन चिकटायला पुरेसा ठरत होता. अगदी स्वच्छ केलेल्या प्रयोगात ४०० केल्व्हिनचे त्रिकोण दिसले ते दुसऱ्याच दिशेचे. ज्या उलटण्यासाठी सिद्धान्त रचले गेले होते, ते उलटणं प्लॅटिनमचं नव्हतंच, चेंबरमधल्या पाहुण्याचं होतं.

पाच वर्षं. तोवर त्या आलेखांवर गणितं जुळवून झाली होती. जुळली होती, हेच तर. टेकड्यांची उंची थोडी इकडे, थोडी तिकडे केली की सिम्युलेशन पाहिजे तो त्रिकोण देतं. कुठल्या लॉगमध्ये एरर नाही, कुठली टेस्ट लाल नाही. ज्यांची चित्रं सगळ्या भाषणांमध्ये झळकत होती, त्यांनीच चेंबर पुन्हा घासून, मुद्दाम मोजून-मापून वायू सोडून हे तपासलं आणि छापलं. मिखेलीने पुढे योआखिम क्रुगबरोबर या विषयावर पुस्तकच लिहिलं, २००४ मध्ये, बेटं, ढीग आणि अणू अशा नावाचं. मला वाटतं, मी त्यांच्या जागी असतो तर कुठल्या तरी तळटीपेत 'स्वच्छतेचा परिणाम संभवतो' असं लिहून मोकळा झालो असतो.

असो. माझ्या प्रोग्रॅमपुरतं सांगायचं तर एका ओळीची दुरुस्ती होती. दोनदा आकडा काढायचा, एकदा आडव्या ओळीसाठी, एकदा उभ्यासाठी. ३२,७६७ मधून ४०० आरामात भागतात. रविवारी रात्री उशिरा पुन्हा चालवला. पाच टक्के पृष्ठ झाकलं जाईपर्यंत थांबलो. बेटं आता पटभर पसरलेली, संख्या आधीपेक्षा अडीचपटीच्या वर. उतार मात्र जवळपास होता तोच. मग कॉलेजात जे केलं नव्हतं ते केलं, बेटांच्या आकारांचा आलेख काढला. रुंद, गोलसर टेकाड आलं. डावीकडे, अगदी चिमुकल्या बेटांपाशी, एक बारीक उंचवटा आहे तो का आहे हे अजून कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी बघतो.